तृप्ती-७ आणि खिडकीखालचे बारा उंदीर

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.
वजन ९१. काटा जुना आहे, दोनेक किलो त्याचेच. आजपासून डाएट. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणाऱ्या हार्मोनवर आठ वर्षं काढलेल्या माणसाला भूक आवरणं म्हणजे डाव्या हातचा मळ. बायकोने डब्यात काकडी आणि उकडलेली भाजी दिली. बिस्किटांना हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे, म्हणाली.

४, मंगळवार.
बारा उंदरांना माझं औषध, तृप्ती-७, टोचायला सुरुवात. त्यांचे पिंजरे खिडकीखालच्या टेबलावर. दुसऱ्या बारांना नुसतं मिठाचं पाणी. ते पलीकडच्या भिंतीला. अठ्ठावीसला समिती येणार. औषध चाललं तर तीन वर्षं मुदतवाढ. नाही चाललं तर प्रयोगशाळेला टाळं आणि मला पहिल्या वर्षाचे सकाळी आठचे तास. ती वेळ येणारच नाही.

६. दुपारी २.
काकडीने पोट भरत नाही, हे शास्त्रीय सत्य. बिस्किटं खाल्ली. चारच. उंदरांच्या खोलीत, खिडकीशी उभं राहून. तिथे देखभालवाले काका सोडले तर चिटपाखरू फिरकत नाही. अपवाद म्हणून.

१०, सोमवार.
वजन ९२. अंगात पाणी साठतं. अपवाद चालू.

१२.
जितं मया! तृप्ती-७वाल्यांनी निम्मं खाद्य शिल्लक ठेवलं. मिठाच्या पाण्यावाल्यांनी एक गोळी ठेवली नाही. विभागप्रमुख बाईंना सांगितलं. पुन्हा मोजा, म्हणाल्या. जळतात.

१४.
काका कुरकुरतायत. खिडकीकडच्या पिंजऱ्यांत रोज कसलासा चुरा, साफ करून कंबर मोडली म्हणे. आता भूक मेलेला उंदीर अन्न चिवडणारच. यांना कोण समजावणार.

१७, सोमवार.
बारा उंदीर निम्मं खातात आणि जाड होतात. बाई म्हणाल्या, असं कसं? म्हटलं, कमी खाऊन वजन वाढवणारी वेगळी यंत्रणा शरीरात असावी. मी स्वतःच त्याचा जिवंत पुरावा. (९३.) नवा शोधनिबंध डोळ्यांसमोर दिसतोय.

१९.
उंदरांना माझा लळा लागलाय. दोनला दार उघडलं की बाराही मागच्या पायांवर उभे. भिंतीकडचे ढुंकूनही बघत नाहीत. औषधाने माणुसकी वाढते का? तपासायला हवं.

२१.
समितीसाठी भक्कम पुरावा हवा. खिडकीवर कॅमेरा बसवून घेतला. काकांनी विचारलं, साहेब, हा दुपारीपण चालू असतो का? म्हटलं, विज्ञान दुपारी झोपत नाही. शिवाय त्याचं तोंड पिंजऱ्यांकडे, मी त्यात कशाला येतोय? काका डोकं खाजवत गेले.

२८, शुक्रवार. संध्याकाळी.
समितीला चित्रण दाखवलं. आधी बघायला सवड झाली नव्हती. पडद्यावर बारा उंदीर. त्यांच्या वर माझं पोट, शर्टाच्या ताणलेल्या बटणांसकट. मग चुरा पडला. मग हात आला. बिस्किटाचे तुकडे करून एकेकाला भरवणारा हात. बुधवारी केक होता, तोही वाटला. मी इतकं देत होतो? एखादा तुकडा दिला असेल, असं वाटत होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि अगदी हळू विचारलं, "या सगळ्यात तुमचं औषध कुठे आहे?"

मुदतवाढ नाही.

२९.
बायकोला सांगितलं. भांडेल म्हणून तयारीत होतो. भांडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "अहो, भूक लागत होती तर मला सांगायचंत. उंदरांच्या पंगतीला कशाला जाऊन बसलात?"


३१, सोमवार. दुपारी २.
उद्यापासून सकाळी आठचे तास. वजन केलं नाही. पाय सवयीने उंदरांच्या खोलीकडे वळले. दाराला कुलूप, किल्ली काकांकडे. माझी चाहूल लागली तशा आत जाळ्या वाजायला लागल्या. बाराही उभे असणार. खिसे चाचपले, काही नव्हतं. तरी थोडा वेळ दाराशी थांबलो.

भूक फार लागली होती.