बॅटरी मीच बदलणार

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ८.

गाडी चालू होत नाही. चावी फिरवली की टक् टक् टक्, बस्स. तीन वर्षांची गाडी आणि ही थेरं.

आवाजावरून रोग ओळखला. स्टार्टर. पस्तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाच्या आवाजावर जेवलोय. देवगड बंदराकडे पाठ करून बसलो तरी कुणाची होडी आत येते ते सांगतो. आमच्या दोन ट्रॉलरना आजवर मेकॅनिक लागलेला नाही. (एकदा लागला. तो मोजायचा नाही.)

दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या भाईने विचारलं, बॅटरी गेली काय रे परशुराम? हा निवृत्त एस्टी ड्रायव्हर. याने आयुष्यात बोनेट उघडलं ते डबा गरम करायला.

शुक्रवारी दहा वाजता जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, रश्मीची कागदपत्र पडताळणी. आरोग्यसेविकेची नोकरी. तीन वर्षं पोर अभ्यास करते आहे. मूळ कागद घेऊन वेळेत हजर नाही तर नाव कट, खालचा उमेदवार वर. ती हळूच म्हणाली, बाबा, मी एस्टीन जातंय. मी ओरडलो. परवान्यासाठी मी पहिल्यांदा ओरोसला गेलो तो बर्फाच्या टेम्पोत मागे बसून. शिपायाने वासावरून ओळखलं आणि मासेवाल्यांनी बाहेर थांबा म्हणाला. माझी मुलगी गाडीतून उतरणार. एसी गाडीतून. विषय संपला.

सोमवार, संध्याकाळी ५.

आमच्या जामसंड्यातलाच गॅरेजवाला सुदेश येऊन मीटर लावून गेला. बॅटरी. ते मी सकाळीच ओळखलं होतं, फक्त बोललो नव्हतो. भाई बोलला म्हणून राहून गेलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

डोकं फिरलं आहे. सुदेश म्हणतो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी ही गाडी, हिला बॅटरी वेगळ्या जातीची लागते. (आमच्या तालुक्यात सिग्नल एक नाही. इंजिन बंद पडतं ते गुरं आडवी आली की.) कोल्हापूरहून येईल, गुरुवारी दुपारी. आणि बसवल्यावर लॅपटॉप जोडून गाडीला सांगावं लागतं की ही नवी बॅटरी. म्हणजे बॅटरीचं बारसं! पाळणा कोण म्हणणार विचारलं. हसला नाही. या पोरांना विनोद कळत नाही, लुटायचं मात्र कळतं.

तो बाहेर जाऊन फोनवर कुणाला तरी सांगत होता, "ट्रॉलरवालो आसा, जरा दमान घेवक व्हया." माझे कान तिखट. बाजारात आपला वचक आहे हे बरं वाटलं.

तरीही ऑर्डर रद्द केली. आवाज चढवावा लागला. ठराव: बॅटरी मीच बदलणार.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

आमच्याच मासळीच्या टेम्पोने खारेपाटणला. तिथे शंकर. आम्ही दोघे एकाच ट्रकवर क्लीनर होतो, आज त्याचं बॅटरीचं दुकान आहे. गाडी कुठली विचारलं. चारचाकी, म्हटलं. तो म्हणाला, तसा नाय रे, मॉडेल सांग, नायतर माका मागसून गाळी घालशीत. मैत्रीत चौकशा कसल्या? बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट. दिसायला दणकट अशी उचलली.

घरी आल्यावर रश्मीची कागदांची निळी फाईल टेबलावरून उचलून गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली. ऐन वेळी विसरायला नको. या घरात पुढचा विचार मी एकटा करतो. रश्मीने आईकडे बघितलं. सावित्रीने बांगड्यांकडे. तळायचे होते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी ११.

बसवली! चाळीस मिनिटं, दोन बोटं सोलली. बॅटरी जरा उंच आहे, पट्टी बसेना, म्हणून जाळ्याच्या दोरीने आवळून बांधली. खलाशाची गाठ. गाडी एका चावीत चालू. हा आवाज!

समोरच्या काट्यांमध्ये पाच दिवे पेटले आहेत. पिवळे तीन, लाल दोन. स्टिअरिंग जड झालं आहे. गाडीला नव्याची सवय नाही, होईल.

भाई गडग्यावर कोपर टेकून उभा. म्हणाला, "दिवाळी सरली मां रे? कंदील कित्याक लावलंस?" हा माणूस सकाळी काही कामधंदा करत नाही का? नाही. निवृत्त आहे.

गुरुवार, संध्याकाळी ६.

सुदेशचा फोन. भाईने बातमी पोचवलेली दिसते. चुकीची बॅटरी रात्रभरात उतरेल म्हणाला. मला शिकवतो. बंदरात नांगर टाकला की निगेटिव्हची वायर काढायची, करंट गळत नाही, हे मी याचा बाप शाळेत होता तेव्हापासून करतोय. वायर काढून ठेवली.

उद्या साडेसहाला वाडीतले गंगारामकाका देवाला गाऱ्हाणं घालायला येतील. सव्वासातला निघायचं. सावित्रीला सांगितलं, रश्मीला म्हणावं नवा ड्रेस घाल. हो म्हणाली. अलीकडे दोघी फार हो म्हणतात. शिस्त आली आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ६.२०.

साडेपाचपासून बोनेटमध्ये आहे. दोरी पुन्हा आवळली. मघाशी रश्मी येऊन पाया पडली, काहीतरी म्हणाली. बरं बरं म्हटलं. तोंडात स्क्रू होता. पोर वेळेआधी तयार. माझ्यावर गेली आहे. गंगारामकाका आले.

शुक्रवार, सकाळी ९.३०.

पेन्सिलीचं टोक मोडलं. रागाने. क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट होईल.

गंगारामकाका म्हणाले, चावी आणि फाईल दोन्ही गणपतीपुढे ठेव. गणपती गाडीतला, काचेपाशी चिकटवलेला. ठेवली. कोंबड्या आत शिरत होत्या म्हणून दारं लोटली. नारळ बाहेर, बोनेटसमोर. काका सुरू झाले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या परशुरामान गाडयेक नवी बॅटरी घातल्यान हा, तेच्या चेडवाच्या कामात काय वाकडा-वशाळा येत असात तर ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हटलं आणि त्याच ठेक्यावर वायर जोडली.

खट्.

चारही दारं आतून लॉक. वायर लागली की ही गाडी स्वतःला कुलूप घालते, हे कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे? ट्रॉलर कधी असं वागत नाही. ट्रॉलरला दारंच नाहीत. काका म्हणाले, देवान कौल दिल्यान. कसला ते सांगेनात.

दुसरी चावी सुरक्षित राहावी म्हणून गाडीतल्याच खणात आहे. तीन वर्षं सुरक्षित आहे.

सुदेशला फोन लावला. म्हणाला, मी अर्ध्या तासात येतंय, तोपर्यंत कायएक करू नकात. अर्धा तास! घड्याळात सात वाजायला पाच कमी. काचेपलीकडे गणपती, गणपतीपुढे फाईल, फाईलमध्ये पोरीची तीन वर्षं. मी गडग्यातला चिरा उचलला. सावित्री ओसरीवरून धावत आली, हातवारे करत होती. आता मध्ये बोलू नको, म्हटलं. माझी गाडी, मीच फोडणार. आणि फोडली.

मग भोंगा सुरू झाला. अख्खं जामसंडे जागं. बटणं दाबली, चावी फिरवली, थांबेना. शेवटी वायर काढली तेव्हा थांबला. आणि त्या शांततेत सावित्रीचं वाक्य पूर्ण ऐकू आलं.

"अहो, ती सा वाजून धाच्या एस्टीन गेली! तुमका सांगान, पाया पडान गेली! कागद तिच्या पिशयेत आसत. ह्या झेरॉक्स!"

फाईल उघडली. झेरॉक्स.

भाई म्हणाला, ड्रायव्हर आपल्या ओळखीचो, फुडची सीट दिल्यान हा तिका. म्हणजे यालाही माहीत होतं. कोंबड्यांनाही माहीत असेल.

शुक्रवार, दुपारी २.

रश्मीचा फोन. सगळं झालं, कागद पास. मग विचारते, बाबा, गाडी बरी आसा मां? बरी आहे म्हटलं. हवेशीर.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

काल वाटेतूनच परत पाठवलेला सुदेश आज कोल्हापूरची बॅटरी घेऊनच आला. ऑर्डर त्याने रद्द केलीच नव्हती. "तुमचो फोन येतलो ह्या माका ठावक होता." लॅपटॉप लावला, बारसं केलं, दिवे विझले. पंचवीस मिनिटं. माझी गाठ मात्र त्याला सुटली नाही, सुरीने कापावी लागली. हे नोंदवून ठेवतो.

शंकरवर संताप. मॉडेल विचारायचं तर नीट दटावून विचारावं. काच यायला महिना.

रविवार, १४ डिसेंबर.

रश्मीची ऑर्डर आली. रेडीच्या बाजूचं उपकेंद्र, उद्या हजर व्हायचं. मी सोडतो म्हटलं. काच अजून नाही, प्लास्टिक लावलंय, पण वारा लागतो एवढंच. रश्मीने माझा हात धरला. म्हणाली, बाबा, तुमी येवाच. तुमच्याशिवाय मी आत जावचंय नाय. पण एस्टीन.

बरं म्हटलं. तोंडात स्क्रू नव्हता.

सावित्री येते आहे. भाईही येतोय, त्याला कुणी बोलावलेलं नाही. तिकिटांची चौकशी त्यानेच केली. बायकांना अर्धं, म्हणून रश्मी अर्धी, सावित्री अर्धी. भाईला निवृत्तीचा पास. ज्येष्ठ नागरिकाला सवलत आहे, पण मला अजून चार वर्षं कमी पडतात.

पूर्ण तिकीट माझं एकट्याचं.