ओढ्याची मूळ स्थिती

४ जानेवारी
ठरलं. घरामागच्या ओढ्याचा उद्धार मीच करणार. पेपरात जाहिरात आहे: ओढे, तळी पूर्ववत करण्यासाठी सरकारी अनुदान, अर्ज मागवलेत. छत्तीस वर्षं विमा कंपनीत दुसऱ्यांचे अर्ज नामंजूर करण्यात गेली. अर्ज कुठे अडकतो हे माझ्याइतकं कुणाला कळणार? ताईला सांगितलं. नर्सची नोकरी संपवून माझी ही थोरली बहीण गेल्या वर्षी माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून घरात मतं दोन. ती म्हणाली, ओढ्याला अर्ज नको, कचरा ओढायला दाताळं हवंय. हसून सोडून दिलं. नर्सिंगमध्ये प्लॅनिंग नसतं.

६ जानेवारी
संस्थेशिवाय अनुदान मिळत नाही. संस्था काढली. नाव 'निर्मळ प्रवाह'. अध्यक्ष मी, सचिव मी. उपाध्यक्ष ताई, तिला अजून सांगितलेलं नाही. दिवसभर लेटरहेड. 'प्रवाह'मधल्या 'ह'ला लाटेसारखी शेपटी द्यावी की नाही यात संध्याकाळ गेली. दिली.

९ जानेवारी
जागेचा अभ्यास पूर्ण. गच्चीवरून, दुर्बिणीने. काठावर चिखल आहे, वास आहे, आणि जवळून पाहिलं की माणूस तपशिलात अडकतो. निरीक्षणं: जलपर्णी, प्लास्टिक, एक टायर. खाली पाणी असावं.

११ जानेवारी
वेबसाइट. फोटो पन्नास केबीच्या आत हवा. भाचीला फोन. ताईची ही मुलगी कॉम्प्युटरमधली. तिने फोटो लहान करून पाठवला. ओढा गांडुळासारखा दिसतो. 'प्रकल्पाची गरज' दोनशे शब्दांत लिहायचीय. माझी नुसती प्रस्तावना अकरा पानं. 'सबमिट' दाबलं. गोल फिरतंय.
दुपारी ३. अजून फिरतंय.

१२ जानेवारी
गेला अर्ज! भाची म्हणते, तिनेच तिच्या ऑफिसातून पाठवला. ठीक आहे. तांत्रिक बाजू तिची, आशय माझा.

२० जानेवारी
गंभीर प्रकार. ताई दाताळं घेऊन ओढ्यात उतरली! गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई! शेजारचे व्हॅनवाले दोर घेऊन मदतीला, कोपऱ्यावरचा शिंपीही. मी गच्चीवरून ओरडून सांगितलं की पाहणी होईपर्यंत मूळ स्थिती जपली पाहिजे, नियम सात. ताईने खालूनच विचारलं, मग पाहणीपर्यंत चावू नका म्हणून डासांनाही पत्र टाकतोस का? शिंपी नको तितका हसला. उद्यापासून कडक धोरण.

२१ जानेवारी
मी उठायच्या आत ताई गेलेली. धोरण स्थगित.

२८ जानेवारी
आज त्यांनी ओढ्यातून एक हिरवा सोफा ओढून काढला. ताई म्हणाली, हा आपलाच. मी गच्चीवरूनच म्हटलं, असले सोफे घरोघरी असतात. तेवढ्यात व्हॅनवाल्यांनी सीटखाली हात घातला आणि माझं ऑफिसचं ओळखपत्र बाहेर आलं. सहा वर्षं शोधत होतो. प्रकल्पाचा पहिला ठोस फायदा.

५ फेब्रुवारी
पत्र आलं! पहिल्या फेरीत पास! १२ तारखेला पाहणी. ताईला वाचून दाखवलं. ती खूश झाली. म्हणाली, येऊ देत की, आता तळ दिसतोय. तळ दिसतोय! दुर्बीण घेऊन गच्चीवर. खरंच. टायर नाही, जलपर्णी नाही. अर्जात मी 'मृतप्राय' लिहून बसलोय आणि हा आपला खळखळतोय.

१० फेब्रुवारी
उपाय सापडला. तात्पुरती पुनर्रचना. दोन पोती कोरडा कचरा, एका दिवसापुरता. पाहणी झाली की मीच उचलणार. निदान कुणाला तरी उचलायला सांगणार. नैतिक बाजू तपासली: अनुदान मिळालं तर भलं ओढ्याचंच. पाच मिनिटांत तपासून झाली.

१२ फेब्रुवारी, सकाळी ७.१५
काम फत्ते. ताई दूध आणायला गेल्यावर निघालो. काठावर पहिल्यांदाच. पहिलं पोतं ओतताना पाय घसरला आणि गुडघाभर पाण्यात उभा. गार पाणी. पायाच्या बोटांभोवती बारीक मासे जमले. दोन मिनिटं तसाच थांबलो. का, ते सांगता येत नाही. मग भानावर आलो आणि दुसरं पोतं ओतलं.
वर एक तरुणी स्कूटर लावून बघत होती. फिरायला आलेली असावी. काय करताय म्हणून विचारलं. मी मोकळेपणाने सांगितलं: आज सरकारी पाहणी आहे, त्यासाठी जरा वातावरणनिर्मिती. तिने फार रस घेतला. माझं नाव विचारून लिहून घेतलं. फोटोसाठी पोतं थोडं वर धरायला लावलं. आजच्या पिढीला लोक उगाच नावं ठेवतात.

दुपारी १
टेबल मांडलंय. चार खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. भाषण पाठ. अधिकाऱ्यांचा पत्ता नाही.

संध्याकाळी ६
कुणीही फिरकलं नाही. सरकारी कारभार! वरपर्यंत तक्रार करणार.
ताई दिवसभर तो कचरा पुन्हा उचलत होती. कुणी टाकला हे तिला कळलंय. पोत्यांत माझ्या लेटरहेडचे रद्द नमुने होते, चाळीसेक. ताट वाढलं आणि आत गेली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

१६ फेब्रुवारी
ताई बोलत नाही. चहा ठेवते, जाते. मीही स्वाभिमानी आहे. तीनदा विचारलं, साखर कुठे आहे. तिन्ही वेळा तिने नुसतं बोट दाखवलं. लहानपणी माझी खोटी कारणं ती वडिलांपासून लपवायची. तेव्हाही माझ्याशी अबोला धरायची, पण फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत.

२१ फेब्रुवारी
खात्याचं जाड पाकीट! जाड म्हणजे मंजुरीच. नकार एका कागदात मावतो, छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. व्हॅनवाले आणि शिंपी यांना बोलावलं. ताई दाराशी उभी राहिली. शिंप्याचा आवाज खणखणीत म्हणून वाचायला त्यालाच दिलं.

दुपारी ४
आता लिहायला हरकत नाही. अर्ज नामंजूर, ओढा उत्तम स्थितीत आढळला. पाहणी १२ तारखेला सकाळी साडेसहाला झाली. ती स्कूटरवाली म्हणजेच पाहणी अधिकारी. सोबत नोटीस: वाहत्या पाण्यात कचरा टाकणे. पाकीट जाड होतं ते फोटोंमुळे. एकात मी पोतं वर धरून हसतोय. फोटो बरा आलाय. शिक्षा: पंधरा दिवस, सकाळी सहा ते आठ, ओढ्याची सफाई. हजेरी आणि देखरेखीसाठी 'जागेवर प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती' म्हणून ताईचं नाव. मी शिंप्याला खुणा करत होतो, पण तो शेवटच्या सहीपर्यंत थांबला नाही.

२२ फेब्रुवारी, सकाळी ८.३०
शिक्षेचा पहिला दिवस. ताई काठावर वही घेऊन उभी होती. दहा दिवसांनी तिने तोंड उघडलं. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, घेऊन म्हणाली, हजर? मी म्हटलं, हजर. तिने घड्याळात पाहिलं, चार मिनिटं उशीर म्हणाली, आणि तसंच लिहिलं.