कोथिंबिरीवरचं जॅकेट

शनिवार, संध्याकाळ. पाऊस थांबलाय.

मागवलेल्या दोन जॅकेटांपैकी एक परत न्यायला उद्या कुरिअरचा माणूस येणार, आणि दुपारपर्यंत माझं ठरतच नव्हतं. गिरडच्या टेकडीवर पावसात पळायचं, तर दोनपैकी कोणतं ठेवायचं? हलकं घडी केली की मुठीत मावतं. पण सकाळी नळाखाली धरलं, तर खांद्याच्या शिवणीतून पाणी आत आलं. जाडातून थेंबही आत येत नाही, पण घरातच ते घालून जरा उड्या मारल्या, तर घामानं भिजलो. मग पुन्हा ती शिवण बघत बसलो. एका शिवणीसाठी एवढा विचार?

दुपारी पाऊस आला तेव्हा जाड जॅकेट खुंटीवर नव्हतं. बाबा भाजी विकून परतले ते चिंब भिजून. जॅकेट गाडीवर मागे, कोथिंबिरीच्या रिकाम्या टोपलीवर बांधलेलं.

"सांबार कोरडाच्या कोरडा राह्यला," ते म्हणाले. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. "कामाचा कोट आहे तुहा."

"मंग तुम्ही काऊन नाई घातला?"

"मी वाळतो ना. सांबार भिजला का सडते."

राग यायला हवा होता. आला नाही.

आता जॅकेटला कोथिंबिरीचा वास लागलाय, ते काही परत जात नाही. घरातच राहील. बाबा पुढच्या पावसातही ते टोपलीवरच घालतील, अंगात नाही, हे मला माहीत आहे.

मी माझ्यासाठी हलकं ठेवतोय; उद्याचा माणूस रिकाम्या हातानं जाईल. शिवण गळते, तर गळू दे. मीही वाळतोच.