बाळ घरातच हाय

अहो,
भाकरी बुट्टीत हायत, आमटी तेवढी गरम करून घ्या. आपल्या दिपालीला घेऊन टिळकवाडीला डॉक्टरणीकडं चाललोय. कुणी विचारलं तर बाळाला डोस द्यायला गेल्यात म्हणून सांगा. बाळ आत मालुकाकूजवळ हाय, तेवढं दार पुढं करा.

आता पोरीवर ओरडू नका. ती आळशी न्हाय. डिंकाचे लाडू हायत तसं डब्यात पडल्यात. सकाळी बाळ रडलं तर मला म्हणती, "आई, तुमचं बाळ उठलंय बघ."

डॉक्टरीण फोनवर म्हणाली, बाळंतिणीचं मनबी आजारी पडतंय, लगेच आणा. मला कायबी सुचंना झालंय. रोज सांजच्याला मी बाळाचीच दृष्ट काढली. माझ्या पोरीकडं कुणी बघितलंच न्हाय.