कोपऱ्यातल्या टेबलावरचं भाषांतर

आप्पा, हॉस्टेलमधून मी पाठवलेली पत्रं तुम्ही लाल शाईनं तपासून परत पाठवायचात, तेव्हापासून तुम्हाला पत्र लिहिणं मी सोडून दिलं. आज लिहिते आहे, कारण तपासायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा चुका राहिल्या तर राहू देत, आणि कुठे लागेल असं काही लिहिलं तर लागू दे.

परवा रविवारी आम्ही पुन्हा त्या स्टेकहाउसमध्ये गेलो होतो. तुम्ही त्याला 'मांसाची खाणावळ' म्हणायचात. इथे जर्मनीत, इंगोलश्टाटच्या जुन्या गावात, डॅन्यूबपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, अजून तसंच आहे. तीच काळपट लाकडी बाकं, भिंतीवर ताणून लावलेलं तेच गाईचं पांढरं-तांबडं कातडं, आणि उघड्या भट्टीवर कोळशाचा तोच वास, जो घरी आल्यावर कोटातून दोन दिवस जात नाही. मालक म्हातारा झाला, भट्टीवर आता त्याचा मुलगा उभा असतो. माझे सासरे ह्या म्हाताऱ्या मालकाच्या बापाच्या काळापासून तिथे जातात. जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात रंगकाम केलं त्यांनी, आणि प्रत्येक वाढदिवस त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर साजरा केला. दुसरीकडे जायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा नेमका त्यांचा वाढदिवस आला. मी सासूबाईंना म्हटलं, वडील शाकाहारी आहेत, त्यांना घरीच राहू द्या. तर तुम्हीच म्हणालात, "का? मी येणार. काय खातात ते बघू तरी." सासूबाईंनी आधी फोन करून त्या मालकाला सांगून ठेवलं होतं की पाहुण्यांचा बटाटा मांसाच्या जाळीवर ठेवू नका, वेगळा भाजा. तो बिचारा स्वतः तुमच्या खुर्चीपाशी येऊन सांगून गेला की बटाट्याला वेगळी भट्टी केली आहे. तुम्ही हसून हात जोडलेत आणि मला म्हणालात, "ह्याला म्हणावं, भिंतीवर गोमाता लटकवली आहेस, तर चपला तरी बाहेर काढायला सांगत जा लोकांना." मी त्याला सांगितलं, बाबा आभार मानतात. तो खूश होऊन गेला.

हे मला नवीन नव्हतं. तुमचं मराठीतून मराठीत भाषांतर आई करायची. नाशिकच्या घरी शेजारच्या काकू वाटीभर खीर घेऊन आल्या होत्या, आठवतं? वाटी परत देताना तुम्ही अगदी गोड आवाजात म्हणालात, "वहिनी, वाटी धुऊन ठेवली आहे. खीर कशी होती ते मात्र कुत्र्याला विचारा." काकूंना हसावं की रडावं कळेना. आई पदर सावरत त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावली. "अहो, चेष्टा करतात हो ते, मनात काही नसतं त्यांच्या." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुमच्या मनात काही नसतं, हे वाक्य मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे तुमच्या मनात खरंच काही नसावं असंच मला वाटायला लागलं. प्रेमसुद्धा.

मग आई गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. इंगोलश्टाटला तुम्ही राहिलात तेवढे दिवस मी तेच केलं. तुम्ही सासूबाईंच्या सूपला धुणं धुतलेलं पाणी म्हणालात, मी सांगितलं, बाबांना चव आवडली, जरा वेगळी वाटली. तुम्ही सासऱ्यांना म्हणालात, "ह्या माणसाला बघून कळतं की रंगाचा वास डोक्यात जातो," मी सांगितलं, बाबांना तुमच्या कामाबद्दल ऐकायचं आहे. सासरे तासभर प्रायमर आणि रंगाच्या थरांबद्दल बोलत बसले, आणि तुम्ही माना डोलावत जांभया दाबत राहिलात. तुम्ही त्यांच्यासाठी काहीही आणलं नव्हतंत, म्हणून मी पुण्याहून आणून कपाटात ठेवलेली एक शाल काढली आणि सासूबाईंना दिली, म्हटलं बाबांनी आणली. त्या रात्री त्यांनी मला मिठी मारली. तशी त्यांनी मला लग्नातही मारली नव्हती.

म्हणजे तुमच्या जिभेवर मी माझं सासर उभं करत होते, आप्पा. मूर्खपणा होता, पण चाललं होतं. मला त्या घरात पहिल्यांदाच जागा मिळाल्यासारखं वाटत होतं.

तर तो वाढदिवस. सासूबाई शाल पांघरून आलेल्या. वेटर नेहमीसारखं मला विचारतो, "स्टेक मीडियम, जसं नेहमी?" मी घाईघाईनं फक्त सॅलड सांगते. तुम्हाला जर्मन येत नव्हतं, पण नजर होती. "त्याला ठाऊक आहे तू काय खातेस ते," तुम्ही म्हणालात. "माझ्यासाठी पालापाचोळा चघळू नकोस." स्टेक आले, लाकडी मुठीच्या सुऱ्या आल्या, तुमचा बटाटा चांदीच्या कागदात वेगळ्या ताटलीत आला. सगळ्यांनी ग्लास उचलले. इथे ग्लास टेकवताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं असतं. तुम्ही सासऱ्यांच्या डोळ्यांत बघून छान हसलात.

माझी मुलगी, शाळेत नुकतीच जायला लागलेली, तुमच्या शेजारी बसली होती. तिनं तुमच्या बाहीला हात लावला. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि त्याच हसऱ्या चेहऱ्यानं म्हणालात, "ही ना धड आपली, ना धड त्यांची. तुझी आई असती ना, तर हिला मांडीवर घ्यायच्या आधी टॉवेल अंथरला असता तिनं."

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, बाबा म्हणतात, माझी आई असती तर तिनं हिला मांडीवरून खाली उतरूच दिलं नसतं.

सासूबाईंचे डोळे भरून आले. आणि माझी मुलगी आजीकडे वळून जर्मनमध्ये, अगदी स्पष्ट, शाळेत उत्तर द्यावं तशी म्हणाली, "नाही, ओमा. ते असं नाही म्हणाले. ते म्हणाले, ती आधी टॉवेल घालेल." मग माझ्याकडे वळून, "ममा, टॉवेल कशाला?"

तुम्ही धरून चालला होतात की तिला मराठी येत नाही, कारण ती तुम्हाला जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. मीही तेच धरून चालले होते, खरं सांगायचं तर. इथली सगळी पोरं तशीच, कळतं सगळं, तोंडातून निघत नाही. पण आपण त्यांच्यासमोर बिनधास्त बोलत असतो. एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबेना. सूपचं सांगितलं. रंगाच्या वासाचं सांगितलं. भिंतीवरच्या गाईचं सांगितलं. चूक दुरुस्त करण्यात मुलांना जो आनंद असतो, त्याच आनंदात सांगत होती.

कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. सासूबाईंनी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणि शाल?" मी म्हटलं, मी आणली होती. त्यांनी ती खांद्यावरून काढली, नीट चौकोनी घडी घातली आणि माझ्या सॅलडच्या ताटलीशेजारी ठेवली. मग सासरे म्हणाले, जेवा, मांस गार होतं आहे. नवरा ताटात बघत होता. आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणालात, "अरे वा! पोरीला मराठी येतं की. मला सांगायचं तरी." आणि बटाट्यावरचा चांदीचा कागद उलगडत, "खोटं बोलायला तुला मी कधी शिकवलं होतं?"

तुम्ही बटाटा पूर्ण संपवलात. चवीनं.

पुढचा हिवाळा यायच्या आत तुम्ही गेलात. मी नाशिकला आले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणत होता, स्पष्टवक्ता माणूस होता, पोटात एक आणि ओठात एक असं नाही. मी मान हलवत होते. इकडे सासूबाईंनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त त्यानंतर त्यांनी माझ्याकडून काही भाषांतर करून घेतलं नाही. माझी मावशी भारतातून आली तेव्हा मुलीला मध्ये बसवलं. "तुला कशाला त्रास," म्हणायच्या, "ती सांगेल." हळूहळू सगळंच तसं झालं. मी रस्त्यावर ट्रॅफिक होता म्हटलं की त्या आपल्या मुलाकडे बघायच्या, आणि तो 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला की मगच त्यांना पटायचं. इतकी वर्षं मी त्या टेबलावर खरं बोलते आहे आणि दरवेळी माझ्या बोलण्याला साक्षीदार लागतो. ह्यासाठी राग मला तुमचा येतो, त्यांचा येतो, आणि कधी कधी, सांगायला जीभ धजत नाही, त्या सात वर्षांच्या पोरीचा येतो.

ती पोर आता गार्चिंगला विद्यापीठात शिकते. परवा सासऱ्यांच्या वाढदिवसाला ती आगगाडीनं आली होती, त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो होतो. सासूबाई थकल्या आहेत, गुडघ्याबद्दल, डॉक्टरबद्दल, अपॉइंटमेंट मिळत नाही त्याबद्दल बोलत राहतात. सासऱ्यांना ऐकू येत नाही. मुलीनं आजीचा हात हातात धरलेला होता, आणि माझ्याकडे झुकून, क्वचितच बोलते त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आई, ओमा आज खूप बोलते." आणि हसली. मायेनंच हसली. घास तोंडात घातला.

"काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं. मला. पोरीचं तोंड भरलेलं होतं म्हणून असेल.

मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "ती म्हणते, तुम्ही बोलत असता आणि ह्या टेबलावर तुमचं कुणी ऐकत नाही. कितीतरी वर्षं."

त्यांचा चेहरा असा पडला की मला एकदम त्या खिरीच्या काकूंची आठवण झाली. त्या नातीकडे वळल्या. "खरं?" मुलीचा घास गिळून झाला होता. लहानपणी ती एका क्षणात म्हणाली असती, नाही, असं नाही. ह्या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मला वाचवायला, दुसरं काय. सासूबाईंनी हात सोडवून घेतला आणि मांसाचे बारीक बारीक तुकडे करत बसल्या. एकही खाल्ला नाही.

स्टेशनवर सोडताना गाडीत तिनं विचारलं, मराठीत, "तू तसं का सांगितलंस?" मी म्हटलं, "तुझ्या मनात तेच होतं ना?" ती उतरून गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही. आजीनंही तिला वाढदिवसाचे फोटो पाठवलेले नाहीत, इतरांना पाठवले.

सासूबाईंना फोन करून खरं सांगता येईल. त्या ऐकतील, मग त्यांच्या मुलाला विचारतील. मी अजून केलेला नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एवढं लिहून टाकते, आप्पा. इतक्या वर्षांनी त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि माझ्या मुलीनं मान डोलावली तेव्हा मला फार बरं वाटलं.