डाव्या खांबावर दोनदा

आल्मा,
२९ मार्च १९९३

ती. दादास,
ओदिलचा सा. न. वि. वि.

कालच्या निकालांनी अखेर ठरलं. बर्फावरच्या हॉकीत यंदा पहिल्याच फेरीत आमचा आल्मा संघ आणि तुमचा माताने संघ समोरासमोर. सातांतले चार सामने जिंकेल तो पुढे जाणार आणि हरेल त्याने गळ घेऊन मासे पकडायला जायचं. इथल्या बेकरीत आज सकाळी मला तिघांनी विचारलं की भावाविरुद्ध टाळ्या वाजवशील का. मी म्हटलं, मी टाळ्या वाजवायला पगार घेत नाही.

पगार कशाचा घेते ते तू जाणतोस. समोरच्या संघाच्या टेपा बघायच्या, कोण कुठे चुकतो ते शोधायचं आणि मुख्य कोच लामोत सरांपुढे मांडायचं. तुला सात वर्षं गोलात उभं करून मग मातानेला देऊन टाकणारे हेच लामोत सर. त्यांच्याकडे नोकरी घेतली तेव्हा तू हसत म्हणाला होतास की ज्या घराने मला काढलं तिथे तू भाडेकरू झालीस. ते हसणं खरं होतं असं मी धरून चालले आहे.

या वेळी माझ्याकडे मातानेच्या गोलकीपरचं काम आलंय. म्हणजे तू. सहायक कोच दुगा म्हणाले, हे काम दुसऱ्याला देऊ. मीच नको म्हटलं. मला इथे एक मोसम अजमावून बघायचं असं ठरलंय, ठेवायचं की नाही ते ही मालिका संपल्यावर कळेल. मुलं मला अजून 'कॉलेज' म्हणून हाक मारतात, त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते दिवसावर अवलंबून असतं. आपल्या घरातली पहिली पदवी मी भावाचं काम टाळण्यासाठी मिळवली नाही. तेव्हा काम पूर्ण करणार, अर्धं नाही. मालिका संपेपर्यंत मी तुला खेळाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही आणि तूही विचारू नकोस.

गुडघ्याला ऊब देत जा. माया आटू देऊ नकोस, तू खाल्लेले गोल मात्र आटले तर आमची हरकत आहे.

तुझी धाकटी,
ओदिल


माताने,
२ एप्रिल १९९३

चि. ओदिलला,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा सूर एखाद्या न्यायाधीशासारखा झालाय, बाबांना दाखवायला हवं. कागदाच्या गिरणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला असली लेक झाली, यात चूक आईच्या घराण्याची असणार.

ऐक. काम अर्धं केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मी एकतीस वर्षांचा झालो, मला कुणी दया म्हणून जिंकू दिलेलं चालणार नाही, बहिणीने तर नाहीच. आणि खरं सांगू? खुशाल बघ टेपा. तुला काही सापडणार नाही. लहानपणी गॅरेजसमोरच्या बर्फावर तू माझ्यावर हजारो वेळा चकती मारलीस, तेव्हाही सापडलं नव्हतं.

मला भीती तुझी नाही, त्या टाळ्यांची वाटते. गेल्या मोसमात पहिल्यांदा आल्माला पाहुणा म्हणून आलो, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांनी माझं नाव पुकारलं. सगळं मैदान उभं राहिलं आणि आमची जुनी पोरं आपापल्या स्टिका बर्फावर आपटू लागली. मी जाळीच्या मुखवट्याआड ढसाढसा रडलो आणि पुढच्या तासाभरात पाच गोल खाल्ले. लामोत सर तेव्हा समोरच्या बाकाजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. या वेळी पुकारा झाला की मी कानांत कापूस घालणार आहे.

ईस्टरला आई इकडे यायचं म्हणते. होडीने नदी ओलांडून, हॅम सोबत घेऊन. समुद्राएवढ्या नदीत हॅम घेऊन बसलेली आपली आई, विचार कर.

आहे ती माया आहेच, उरलेली मालिकेनंतर देईन.

तुझा,
गिस्लाँ दादा


आल्मा,
५ एप्रिल १९९३

ती. आईस,
ओदिलचा सा. न. वि. वि.

मी बरी आहे, जेवते, पायमोजे दोन घालते. तू विचारायच्या आधीच उत्तरं दिली.

एक गोष्ट विचारायची होती. दादा गोलात उभा असताना स्टिकने खांबांना टकटक करतो, सगळेच गोलकीपर करतात, आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळावं म्हणून. पण हा डाव्या खांबाला कधीकधी दोनदा ठोकतो आणि मग त्याच बाजूला किंचित झुकून राहतो. हे तो गॅरेजच्या दिवसांपासून करायचा का? की अलीकडचं आहे? तुला आठवत असेल तर लिही. बाबांनाही विचार.

बर्फ अजून आहे, पण रस्त्याकडेच्या मेपलच्या झाडांना रस धरायला बादल्या लागल्या. पहिल्या पाकाची बाटली माझ्यासाठी ठेव.

तुझी,
ओदिल


बे-कोमो,
१२ एप्रिल १९९३

चि. ओदिलला,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कालच मातानेहून परतले. होडीत वारा होता पण हॅमला काही झालं नाही. तुझ्या भावाचं घर नीट आहे, फक्त पडदे नाहीत. पाद्रीबाबांना तुझ्या पदवीचं पुन्हा सांगितलं, ते म्हणाले हे तिसऱ्यांदा.

तू विचारलंस ते बाबांना लगेच आठवलं. गॅरेजच्या डाव्या अंगाला माझ्या स्वयंपाकघराची खिडकी होती ना. गिस्लाँ नऊ वर्षांचा असताना चकती तिच्यातून थेट वाटाण्याच्या सूपमध्ये पडली. बाबांनी बजावलं की पुन्हा काच फुटली तर हॉकी बंद. तेव्हापासून पोर सारखं डावीकडे बघायचं, खांबाला दोनदा ठोकायचं आणि काचेसमोर आडवं व्हायचं. माझी काच पुन्हा फुटली नाही, पण उजवीकडून गोल मात्र पुष्कळ व्हायचे. तू लहान होतीस, पण तूच मारायचीस.

मला मात्र तुझ्या पत्राने काळजी लागली. झुकतो म्हणजे डावा गुडघाच दुखत असणार, हे मी ओळखलं. म्हणून जेवताना त्याला स्पष्टच विचारलं. ओदिल म्हणते तू दोनदा ठोकतोस आणि डावीकडे झुकतोस, डॉक्टरला दाखवलंस का? त्याने काटा ताटात ठेवला. मग इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोनदा वाढून घेतलं. म्हणाला गुडघा ठणठणीत आहे. तरी मी मलम ठेवून आले.

तुम्ही दोघं एकमेकांची अशी काळजी घेता हे बघून मला बरं वाटलं. अशीच घेत राहा, एवढंच मागणं.

तुझी,
आई


आल्मा,
१५ एप्रिल १९९३

ती. आईस,
ओदिलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. आधी एक सांगते, तू काही वाईट केलं नाहीस. चूक माझी, मी कारण न सांगता विचारलं. दादाचा गुडघा चांगला आहे. झालं ते असं, की तो डावीकडे झुकला की त्याचा उजवा वरचा कोपरा उघडा पडतो. इतकी वर्षं लामोत सरांनाही ते दिसलं नव्हतं. आमच्या मुलांनी आठवडाभर तेच घोटलं, दोन टकटका ऐकल्या की उजवीकडे वर मारायचं. आणि तू ते हॅमसोबत दादाला वाढलंस.

पत्र वाचून मी अर्धा तास कोट घालूनच बसले होते. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मग मुलं जाळ्यात चालत गेली असती, आणि जाळं माझ्याच घरचं. म्हणून सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, तुझ्या सूपसकट.

दुगा म्हणाले की घरचं माणूस कामावर घेतलं की असंच होतं, आणि ते चूक म्हणाले असं मला वाटत नाही. सर दाताखालची काडी फिरवत राहिले. त्यांनी एवढंच विचारलं की तू सांगितलं नसतंस तर आम्हाला कळलं असतं का. मी म्हटलं, नाही. मग ते म्हणाले, योजना तीच राहील. आता त्याने ठोकलं तरी तो विचार करणार आणि नाही ठोकलं तरी विचार करणार, आणि विचार करणारा गोलकीपर त्यांना फार आवडतो. माझ्या नोकरीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

उद्या पहिला सामना. कुणासाठी मेणबत्ती लावायची असा प्रश्न तुला पडेल. दोन लाव.

तुझी,
ओदिल


माताने,
३० एप्रिल १९९३

चि. ओदिलला,
दादाचे अनेक आशीर्वाद, हरलेल्या हाताने.

आता लिहायला मोकळीक आहे. सहा सामन्यांत तुम्ही आम्हाला घरी पाठवलंत आणि रीतसर पाठवलंत.

पहिल्या सामन्यात मी ठरवलं की ठोकायचंच नाही. खांबाला हात लावला नाही आणि मला माझाच गोल सापडेना. तीन गोल होईपर्यंत मी एखाद्या परक्या घरात अंधारात दिवा शोधणाऱ्या माणसासारखा उभा होतो. दुसऱ्या सामन्यात मला शहाणपण सुचलं. मुद्दाम दोनदा ठोकलं आणि उजवीकडे टपून बसलो. तुमची पोरं गुणी बाळांसारखी तिथेच मारत राहिली, मी वेचत राहिलो. तो सामना आमचा आणि तिसराही आमचा. मी आईला फोन करून मलमाबद्दल आभार मानले.

चौथ्यात काय झालं ते तू मला एकदा समजावून सांग. मी खोटं ठोकलं की तुमची पोरं डावीकडे मारायची, खरं ठोकलं की उजवीकडे. आमच्या कोचने शेवटच्या सामन्याआधी टेप दाखवली तेव्हा कळलं. खोटं ठोकताना मी खांबाकडे बघतच नाही, कारण मला ते कुणीतरी ऐकायला हवं असतं. खरं ठोकताना बघतो. हे तुला दिसलं, ओदिल. माझ्या बायकोलाही दिसलं नसतं, मिळाली तर.

मालिका संपली की दोन्ही संघ रांगेने एकमेकांशी हात मिळवतात, एरवी कधीच नाही. जुन्या पोरांशी हात मिळवत मी शेवटी लामोत सरांपाशी आलो. दोन वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. ते हात सोडेनात. म्हणाले, "तुझी बहीण पुढच्या वर्षी माझ्याकडे राहील का रे?"

मी म्हटलं, "तिलाच विचारा, सर. मला देऊन टाकलंत तेव्हा कुठे कुणाला विचारलं होतंत?"

तुला हे कधी सांगितलं नाही. मला त्यांनी विकलं ते मला पेट्रोल पंपावर कळलं. टाकी भरणारा पोरगा म्हणाला, मातानेला छान मासे मिळतात म्हणे, साहेब. मी म्हटलं, मग? तो बिचारा गोरामोरा झाला. मी गाडीत बसून रडलो आणि मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

 तर त्या रांगेत माझा प्रश्न ऐकून सरांनी हात आणखी घट्ट धरला. ते तुला विचारतील. हो म्हण. माझ्याखातर 'नाही' म्हणालीस तर मला पुन्हा विकल्यासारखं वाटेल.

माझ्यावरचा राग, असलाच तर, आटोपता घे. माया चालू दे.

तुझा,
गिस्लाँ दादा


आल्मा,
५ मे १९९३

ती. दादास,
ओदिलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं, सरांनी मंगळवारी बोलावलं. कोऱ्या कराराचा कागद टेबलावर होता आणि दुगा खिडकीशी उभे होते. सर म्हणाले की दुगांचीही हरकत नाही. दुगा म्हणाले, हरकत आहे, पण चौथा सामना त्यांनी पाहिलाय.

मला फार आनंद झाला, दादा. लगेच सही करावी असं वाटलं. पण मी म्हटलं की माझी एक अट आहे. यापुढे ज्या खेळाडूला दुसरीकडे द्यायचं असेल, त्याला ते आधी सरांच्या तोंडून कळलं पाहिजे, समोर बसवून. मग गावाला.

दुगा हसले. व्हिडिओ बघणारी पोरगी खेळाडूंच्या अदलाबदलीत अट घालते, असं काहीतरी पुटपुटले. सरांनी दाताखालची काडी काढली. मग म्हणाले की हे सोपं नसतं, समोर सांगितलं की मोठीमोठी माणसं रडतात, आणि ते त्यांना बघवत नाही. म्हणूनच तुझ्या वेळी त्यांनी सांगितलं नाही.

मी म्हटलं, "रडू देत, सर. निदान पेट्रोल पंपावर तरी रडणार नाहीत."

सरांनी कागद पुढे ओढला आणि ती अट स्वतःच्या हाताने खाली लिहिली. अक्षर फार वाईट आहे त्यांचं. मग मी सही केली.

रविवारी आईकडे येते आहे. तूही ये, आणि पडदे विकत घे म्हणावं असा तिचा निरोप आहे. आहे ती माया अशीच राहो, वर थोडी चढली तर मी मोजणार नाही.

तुझी धाकटी,
ओदिल