बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

दादा,

सूप गॅसवर आहे, फक्त कोमट कर. आईचा आत्ताच डोळा लागलाय. मी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंना भेटायला चालले आहे. कॅन्सरची गाठ का वाढली ते त्यांना खरं सांगायला हवं, त्या औषध बदलायला निघाल्यात. तुझ्या काढेवाल्यालाही कळव, नाहीतर तो सगळं बिल मी देते त्या गोळ्यांवर फाडेल.

काढा मी ओतून देत नव्हते. बेसिनवर तपकिरी डाग दिसला आणि तू माझ्या अंगावर धावून आलास, तेव्हाही मी हेच सांगत होते. आणि गोळ्या तू लपवत नव्हतास. मी उगाच तुझ्या नावाने बोटं मोडली. आज तुझ्या शर्टाला बटण लावायला डबा उघडला, तर खाली सगळ्या गोळ्याच गोळ्या.

आईला विचारलं. म्हणाली, "काढा घेतला की तुझं तोंड फुगतं, गोळी घेतली की तो जेवत नाही. म्हणून दोन्ही सोडलं. निदान कुणा एकाची बाजू तरी घेतली नाही."

रडूही आलं नाही. बटण लावलं, शर्ट खुर्चीवर आहे.

ती उठली की तिच्या मनात काय आहे ते विचार, आणि विचारून झालं की गप्प बस. आपण दोघांनी सगळं केलं, एवढंच राहिलं.

धाकटी